डबा जोडताना

डबा दारात येऊन उभा राहिला तेव्हा दादा आपल्या गॅरेजात एका गिऱ्हाइकाच्या मोटारीखालच्या खड्ड्यात होता, आणि तो वर आला नाही.

डबा म्हणजे कॅरॅव्हॅन, गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. मासे धरायला जाणाऱ्या काही हौशी मंडळींचा तो कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होता. त्यांच्यातला एक जण दादाच्या धाकट्या भावाच्या दुकानात चष्मा करायला आला, आणि चष्म्याचा नंबर काढता काढता धाकट्याने डबा महिन्याभरासाठी मागून घेतला. बाहेरून मळकट पांढरा, एका कोपऱ्याला पोचा. आत दोन खाटा, एक घडीची बैठक, टीचभर ओटा आणि शेगडी. ज्याने तो ओढून आणला त्याने गॅरेजच्या अंगणात सोडला आणि चहालाही न थांबता निघून गेला.

"दादा, वर येऊन बघ तरी," धाकटा खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसून म्हणाला.

"इथून चाकं दिसतायत. पुरे तेवढं."

"कशी आहेत?"

"गोल आहेत."

धाकटा हसला, पण फार नाही. थोरला भाऊ असला विनोद करायला लागला की आत काहीतरी शिजत असतं, हे तो लहानपणापासून ओळखून होता.

शाळेची बस डेपोत लावून वहिनी, दादाची बायको, घरी आली ती थेट अंगणातच. अंगावर ड्रायव्हरचं जाकीट तसंच. रोज सकाळी बसभोवती घालते तशी एक फेरी तिने डब्याभोवती घातली, टायरांना बुटाने ठोकलं, गाडीला जोडायच्या कपलिंगचा खटका वरखाली केला. मग दार उघडून आत गेली आणि खिडकीजवळच्या खाटेवर हात फिरवून बघितला. सासऱ्यांसाठी, अण्णांसाठी ही. त्यांचं प्राणवायूचं यंत्र उशाशी राहील, आणि उताणं पडलं तरी बाहेरचं दिसेल.

खरं तर सगळा खटाटोप त्या खाटेसाठीच होता. दहा-बारा दिवसांनी देशाच्या त्या टोकाच्या बंदरातून दादाच्या मुलीचं, बारकीचं, जहाज सुटणार होतं. जहाजावर ती आधीही होती, पण या फेरीला पहिल्यांदाच चीफ इंजिनिअर म्हणून. कंपनीने घरच्यांना धक्क्यावर बोलावलं होतं. अण्णांनी ते ऐकल्या क्षणी मी येणार म्हणून जाहीर केलं. त्यांची फुप्फुसं थकली होती, विमानाला डॉक्टरांनी साफ नकार दिला होता, आणि तास दोन तास बसलं की त्यांना आडवं व्हावं लागे. मग रस्त्याने जायचं, आणि थांबायचं तिथे आडवं व्हायला घर बरोबर घ्यायचं, असं ठरलं. ठरवलं वहिनीने आणि अण्णांनी. दादाला कुणी विचारलं नाही, कारण तो काय म्हणेल ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीशी तो दहा वर्षं बोलला नव्हता.

*

जेवताना विषय अण्णांनीच काढला.

"पुढच्या शनिवारी निघायचं. पिकअप कोण चालवणार?"

"मी," धाकटा म्हणाला. "दुकान बंद ठेवतोच आहे."

"डबा मागे असताना कधी चालवलंयस?" दादाने विचारलं. जेवायला बसल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य.

"त्यात काय. पुढची गाडी जाईल तसा मागून येईल."

"पुढे जाताना येईल. मागे घेताना?"

"मागे कशाला घ्यायचा? आपल्याला पुढे जायचंय."

"भाऊजी, मी चालवणार आहे," वहिनी म्हणाली.

"तसं नाही वहिनी, पण शाळेची बस वेगळी. रोजचा रस्ता, रोजची वळणं. हा लांबचा पल्ला, वाटेत घाट."

"चाळीस पोरं मागे भांडत असताना मी चालवते. डबा निदान गप्प बसेल."

धाकट्याने दादाकडे बघितलं. असल्या बाबतीत दोघे भाऊ एका बाजूला असत, नेहमीच.

"ती चालवेल," दादा म्हणाला. "तुझ्या हातात मी सायकलसुद्धा देत नाही." मग ताटातून वर न बघता पुढे म्हणाला, "पिकअप न्या. टाकी भरून ठेवतो, हवा बघतो. मी येत नाही. गॅरेज आहे."

वहिनीला पहिल्या वाक्याने जेवढं बरं वाटलं होतं तेवढंच शेवटच्याने टोचलं. लग्नानंतर तिने बसचं लायसन्स काढलं तेव्हा गल्ली हसली होती. हसला नव्हता तो एकटा हा माणूस. रविवारी मोकळ्या मैदानात नेऊन यानेच तिला शिकवलं होतं. बायकोबद्दल अभिमान होता, मुलीबद्दलही होता. घोडं अडलं होतं ते त्या अभिमानामुळेच. बारकी लहानपणापासून गॅरेजात वाढली, कान लावून इंजिनातलं दुखणं सांगायला लागली, आणि हिच्या हाती गॅरेज जाणार हे त्याने मनाशी पक्कं केलं. ते तिला विचारायचं मात्र राहून गेलं.

"गॅरेज काही पळून जात नाही," वहिनी म्हणाली.

"नाही. पळणारे गेले."

"ती पळाली नाही," अण्णा म्हणाले. "ती चढली." एवढ्यानेही त्यांना दम लागला. नाकातली नळी सारखी करून ते थांबले, पण बोलायचे थांबले नाहीत. "मी पाणीपुरवठ्यात पंप बघायचो. माझा पंप माझ्या खांद्याएवढा होता. तुझी इंजिनं गाडीत मावतात. तिच्या इंजिनात माणूस शिडी लावून चढतो. तीन पिढ्या तेलकट हातांच्या, पण असं इंजिन आपल्या घरात आलं नव्हतं."

तेव्हा बोलला धाकटा, आणि वहिनीला वाटलं होतं तसं नाही.

"मला विचाराल तर दादा नसेल तर हा प्रवास जोखमीचा आहे. अण्णांची ही तब्येत. वाटेत डबा बिघडला तर मी काय करणार, त्याला चष्मा लावू? आपण तिला कळवू. पुढच्या फेरीच्या वेळी सगळे जाऊ."

"डबा तुम्हीच आणलात ना भाऊजी?"

"आणला. पण दादा येईल असं धरून आणला."

म्हणजे हा त्याचा डाव होता तर. दारात डबा उभा केला की भाऊ विरघळेल. वहिनीला त्याचा राग आला आणि थोडी कीवही आली.

"पुढची फेरी तिची असेल," अण्णा शांतपणे म्हणाले. "माझी असेलच असं नाही."

त्यानंतर कुणी वाढून घेतलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वहिनीने सकाळीच पिकअप काढली, धाकट्याच्या मदतीने डबा जोडला, खटका बसला की नाही ते दोनदा ओढून पाहिलं आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारायला दोघं निघाली. अण्णा अंगणात खुर्चीवर, नळी लावून. दादा पायरीवर चहा पीत.

दोघं परत आली तेव्हा पिकअप फाटकात शिरायच्या आधीच दादाने चहाचा पेला खाली ठेवला. त्याला वास आला होता.

तो डब्याच्या डाव्या चाकाशी गेला, पंजा उलटा करून जवळ नेला आणि लगेच मागे घेतला.

"डावीकडे ओढत होता?"

"हो," वहिनी म्हणाली. "ब्रेक मारला की. आणि सोडल्यावरही जरा जड वाटत होता."

"ड्रम तापलाय. चहा होईल त्याच्यावर."

"बघ, मी म्हणत होतो," धाकटा म्हणाला. "शकुनच बरा नाही."

"शकुन नाही, ब्रेक आहे." दादाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "असा हा डबा माझ्या अंगणातून बाहेर जाणार नाही."

"म्हणजे आम्ही जायचं नाही?" वहिनीचा आवाज चढला.

"असा जाणार नाही, म्हटलं."

त्याने बाह्या वर केल्या. पण त्याच्या खड्ड्यावर गिऱ्हाइकाची मोटार होती, इंजिन अर्धं सोडलेलं. ती हलणार नव्हती. दादा क्षणभर तिथेच उभा राहिला. मग शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि फळ्यांवर रचलेले जुने टायर एकेक करून बाहेर लोटायला लागला.

धाकट्याला ते काय आहे हे कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तो मुकाट्याने मदतीला गेला. टायरांच्या खाली फळ्या, आणि फळ्यांखाली दुसरा खड्डा. तो दादाने बारकीसाठी खणून घेतला होता, तिच्या उंचीच्या मापाने. एक पावसाळाभर दोघांनी शेजारी शेजारी काम केलं, एकमेकांकडे पाने फेकत. मग तिने जहाजावर जायचं ठरल्याचं सांगितलं, आणि त्याच आठवड्यात खड्ड्यावर फळ्या आल्या.

डबा ढकलत आणून त्यावर उभा केला गेला. दादा खाली उतरला. मोडेन पण वाकणार नाही असा ज्याचा अख्ख्या गल्लीत लौकिक, तो माणूस दुपारपर्यंत मान वाकवून उभा राहिला, कारण लेकीच्या खड्ड्यात त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. वहिनी अधूनमधून खिडकीतून बघे. तिने त्याला वर बोलावलं नाही.

*

बारकीचा फोन रविवारी दुपारी यायचा. वहिनी एरवी तो घेऊन मागच्या दारी जाई. आज ती अंगणातून शेडमध्ये आली आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली. अण्णांनी धाकट्याला खुणावून आपली खुर्ची जवळ घ्यायला लावली.

"बोल गं. हो, तयारी चाललीय. डबा आलाय, पण अडून बसलाय. ब्रेकचं काहीतरी आहे." आणि तिने फोनचा स्पीकर लावला.

"काय झालंय?" बारकीचा आवाज शेडभर झाला.

खाली पान्याचा आवाज थांबला.

"तिला सांग, काही झालं नाही," दादा म्हणाला.

"ती ऐकतेय."

"मग सांग, होईल म्हणून."

मागे कुठेतरी यंत्राची घरघर होती. "आई, त्यांना विचार, तापतंय ते एकीकडेच का?"

"डावीकडे," वहिनीने सांगितलं.

"ब्रेकशू बघितले का, विचार."

"तिला सांग, शू नवे घातले, ड्रम घासून साफ केला, बेअरिंगला ग्रीस दिलं. बापाने आज पहिल्यांदा हातात पाना धरलेला नाही."

"अहो, ती ऐकतेय."

"आई, केबल—"

"केबल मोकळी आहे," दादा म्हणाला, आणि या वेळी तो बायकोशी बोलत नव्हता. मान वर करून तो फोनकडे बघत होता. "हाताने ओढून बघितली. दोन्हीकडची."

"सारख्या येतात दोन्ही?"

"येतात."

"आणि पुढे दोन्ही ज्या पट्टीला जोडल्यात, ती?"

बॅटरीचा उजेड डब्याच्या पोटाखालून पुढे सरकला. हातोडीचे हलके दोन ठोके ऐकू आले, मग एक जोराचा.

"पट्टी गंजून बसलीय," तो आतून म्हणाला. "झुलायला हवी ती, झुलतच नाही. आणि थांबलीय तिरकी."

"म्हणजे ब्रेक मारला की डावी केबल आधी ताणली जाते."

"आणि सोडला तरी सुटत नाही. म्हणून घासतंय." मग थोड्या वेळाने, पुटपुटल्यासारखा: "सकाळपासून चाकातच डोकं घालून बसलो होतो मी."

"आमच्याकडे गेल्या महिन्यात असंच झालं," बारकी म्हणाली. ती भरभर बोलत होती, मध्ये कुणी थांबवेल अशा भीतीने. "एका सिलिंडरला इंधन जास्त जात होतं. तिघं जण पंप उघडायला निघाले होते. मी म्हटलं, आधी जोड बघा, पंपाला हलवणारा दांडा बघा. तुम्ही ओरडायचात ना, दुखतंय तिथेच आधी हात घालू नका म्हणून. तोच आवाज आला माझ्या कानात."

"मग?"

"दांड्याच्या जोडात काजळी धरली होती."

"कुणी काढली?"

"मीच. जागा एवढीशी होती की कुणाचा हात जाईना. माझा गेला."

दादाने हातातल्या चिंधीने बोटं पुसायला सुरुवात केली. एकेक बोट, सावकाश. धाकट्याला वाटलं आता हा वर येऊन निघून जाईल.

"चीफ झाल्यावरही स्वतः हात घालणार?" त्याने विचारलं.

"घालणार."

"घालत जा."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला हसू म्हणावं की समाधान, हे धाकट्याला सांगता आलं नसतं, पण म्हातारा त्या क्षणी दहा वर्षांनी तरुण दिसला एवढं खरं.

"बाबा," पलीकडून आवाज आला, आता हळू. "धक्क्यावर सगळ्यांना येता येतं. खाली इंजिनरूममध्ये पाहुण्यांना सोडत नाहीत. पण चीफ स्वतः नेत असेल तर एकाला चालतं. मी अजून कुणाचं नाव दिलेलं नाही."

"अण्णांना ने."

"मला जिने उतरवत नाहीत," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "आणि मी जन्मभर पंपच बघितलेत. मला ती धक्क्यावरून दिसली की पुरे. मला ती दिसायला हवी, तिचं इंजिन नाही. इंजिन बघायचंय ते तुला."

दादाने चिंधी खांद्यावर टाकली. वहिनीकडे बघितलं, ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती, फाटकाकडे, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"किती खाली आहे?" त्याने फोनला विचारलं.

"बरंच. जिने संपता संपत नाहीत."

"गरम असेल."

"अंगातलं सगळं पाणी निघून जातं."

"बूट कसले लागतात?"

घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग बारकीने नाक ओढल्याचा आवाज आला.

"पुढे पोलाद असलेले. तुमचा नंबर मला माहीत आहे बाबा. मी इथे काढून ठेवते."

*

शनिवारी सकाळी गल्लीला सगळं आधीच कळलेलं होतं, तरी डबा फाटकातून उलटा बाहेर काढताना बघायला माणसं जमलीच. चालत्या डब्यात माणूस बसवायचा नसतो, म्हणून अण्णा पिकअपच्या मागच्या सीटवर उशांच्या मधोमध, यंत्र मांडीशी घेऊन बसले होते, आणि शेजारी धाकटा. त्याचा गेल्या आठवड्यातला सगळा पवित्रा तो स्वतः विसरून गेला होता. ज्याला त्याला सांगत होता की डबा आपणच आणला.

वहिनी स्टिअरिंगवर. दादा रस्त्याच्या मध्ये उभा राहून हातांनी खुणा करत होता.

"डावीकडे... म्हणजे उजवीकडे फिरव, डबा डावीकडे जाईल."

"माहीत आहे हो."

"माहीत आहे म्हणूनच सांगतोय. जरा अजून. बास."

डबा फाटकाच्या दोन्ही खांबांना न लागता बाहेर आला, वळला, आणि रस्त्याला सरळ लागला. एकाच दमात. दादाने दोन्ही हात खाली सोडले आणि जमलेल्या लोकांकडे असं काही बघितलं, की बघितलंत ना, हे कुणी केलं ते.

समोरच्या बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, "लांबचा प्रवास वाटतं?"

"मुलीचं जहाज सुटतंय," दादा म्हणाला.

"जहाजावर नोकरीला आहे ना ती?"

"चीफ इंजिनिअर आहे." तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर येत होता, आणि आल्यावर त्याला तो तिथेच सोडवेना. "म्हणजे ते अख्खं इंजिन तिच्या ताब्यात. कप्तान वर काय वाटेल ते म्हणू दे, खाली तिचा शब्द. माझ्या शेडमध्ये शिकलीय."

मग चांभाराने विचारलं नव्हतं, तरी त्यालाही सांगून झालं. चांभाराच्या दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगून झालं, त्याला इंजिनाची उंची हात वर करून दाखवून झाली. मग पोस्टमन आला.

वहिनीने हॉर्न वाजवला. "बसताय, की जहाज गेल्यावर निघायचं?"

दादा आला, गॅरेजचं कुलूप ओढून बघितलं, आणि चालकाच्या शेजारच्या सीटवर बसला. स्वतःच्या पिकअपमध्ये तो या बाजूला कधी बसला नव्हता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते मांडीवर ठेवले. गाडी हलली, डबा मागून निमूट आला, कुठेही न ओढता, आणि मागे अण्णा धाकट्याला म्हणाले, "बघितलंस? रेशमासारखी चालतेय." ते ब्रेकबद्दल म्हणाले, की सुनेच्या हाताबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही, पण पुढच्या दोघांनीही ते आपापल्या नावावर घेतलं.

नाक्यावर दुसरं गॅरेज होतं. त्याच्या मालकाशी दादाचं हाडवैर, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यावरून. रस्त्यात समोरासमोर आले तरी दोघांपैकी एक जण पलीकडच्या बाजूला जाई. तो आत्ता दारात उभा राहून दात कोरत होता आणि डब्याकडे बघत होता.

"थांबव जरा," दादा म्हणाला.

"अहो, उशीर होतोय. आणि त्याच्याशी तुम्ही बोलत नाही."

"थांबव गं."

"त्यालासुद्धा सांगायचंय?"

"त्याला तर आधी सांगायला हवं होतं," दादा म्हणाला आणि त्याने काच खाली केली.